‘आर्म_एंड’ : कार्यमापनाच्या समाप्तीचा चिकित्सक विचार

सारांश

संगणकीय अनुप्रयोगाचा प्रतिसादकाल मोजण्यासाठी ‘ॲप्लिकेशन रिस्पॉन्स मेजरमेंट’ हे मानक विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आले. या मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीत सी भाषेसाठी सहा क्रिया दिलेल्या आहेत. त्यांपैकी शेवटची क्रिया ‘आर्म_एंड’ ही होय. प्रस्तुत लेखात या एकाच क्रियेची समीक्षा केली आहे. मापनाचा आरंभ मानकाने काटेकोरपणे बांधला, परंतु समाप्तीच्या वेळी अपुऱ्या राहिलेल्या व्यवहारांचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी कोणावरच टाकली नाही. त्यामुळे मिळणारी सरासरी वस्तुस्थितीपेक्षा चांगली दिसू शकते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : कार्यमापन, प्रतिसादकाल, सी भाषा, समाप्ती, अपूर्ण व्यवहार

१. प्रस्तावना

कोणत्याही मापनाच्या चर्चेत ‘काय मोजावे’ आणि ‘कशाने मोजावे’ या दोन प्रश्नांना मोठे स्थान मिळते. ‘मोजणे केव्हा व कसे थांबवावे’ हा तिसरा प्रश्न मात्र बहुधा उपेक्षित राहतो. संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही हेच आढळते. मापन सुरू करण्याची कृती उदाहरणासह सविस्तर समजावली जाते आणि ते बंद करण्याची कृती शेवटच्या ओळीत उरकली जाते. विद्यार्थीही ती ओळ यांत्रिकपणे लिहितात.

या विषयाकडे मी वळलो तो स्वतःच्या एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी पदवी वर्गातील विद्यार्थ्यांच्या एका गटाने ग्रंथालयातील पुस्तक देवघेवीचा प्रोग्राम सी भाषेत लिहिला होता. प्रतिसादकाल मोजण्यासाठी त्यांनी वर उल्लेखिलेल्या सहा क्रियांचे अनुकरण करणारी एक छोटी लायब्ररीही तयार केली. प्रकल्प-अहवालातील तक्त्यात सरासरी प्रतिसादकाल उत्तम दिसत होता. मी तो तक्ता तपासला आणि त्यावर सही केली. पुढील वर्षी तोच प्रकल्प पुढे नेणाऱ्या गटातील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, फाईल कुलूपबंद असल्यामुळे ज्या विनंत्या अडकून पडत होत्या, त्या या तक्त्यात कुठे आहेत?” त्या कुठेच नव्हत्या. प्रोग्राम बंद करताना मापनही बंद केले गेले होते आणि त्या क्षणी अडकून पडलेल्या सर्व विनंत्या लायब्ररीने टाकून दिल्या होत्या. विद्यार्थ्यांनी कोणतीही लबाडी केली नव्हती. त्यांनी मानकात सांगितले होते तेच केले होते. म्हणूनच दोष विद्यार्थ्यांचा की त्यांनी आदर्श मानलेल्या रचनेचा, हा प्रश्न समीक्षेचा विषय होऊ शकतो असे मला वाटले.

२. मानकाची पार्श्वभूमी व रचना

‘ॲप्लिकेशन रिस्पॉन्स मेजरमेंट’ हे नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून संक्षेपाने ‘आर्म’ असे घेतले जाते. त्याच नावाच्या प्रक्रियकांशी त्याचा काही संबंध नाही. या मानकाची पहिली आवृत्ती टिवोली आणि ह्युलेट-पॅकार्ड या कंपन्यांनी मिळून १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. दुसरी आवृत्ती अनेक कंपन्यांच्या संयुक्त कार्यगटाने १९९७ मध्ये सिद्ध केली आणि ‘द ओपन ग्रुप’ या संस्थेने तिला खुल्या मानकाचा दर्जा दिला. चौथी आवृत्ती २००३ मध्ये आली आणि २००४ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. या लेखातील मुख्य विवेचन दुसऱ्या आवृत्तीतील सी भाषेच्या इंटरफेसविषयी आहे.

या मानकामागील भूमिका समजून घेणे आवश्यक आहे. एखादे यंत्र किती व्यस्त आहे, त्याची स्मृती किती वापरली गेली, हे बाहेरून मोजता येते. परंतु वापरकर्त्याने एक काम सांगितल्यापासून ते पुरे होईपर्यंत किती वेळ गेला, हे बाहेरून निश्चितपणे कळत नाही. कामाचा आरंभ कोठे आणि शेवट कोठे हे त्या अनुप्रयोगालाच ठाऊक असते. म्हणून अनुप्रयोगानेच ‘आता सुरू झाले’, ‘आता संपले’ असे सांगावे आणि ऐकणाऱ्या मापक-यंत्रणेने त्याची नोंद ठेवावी, अशी ही विभागणी आहे. अशा एका कामाला मानकाच्या परिभाषेत ‘व्यवहार’ म्हटले जाते.

सहा क्रियांचा क्रम पुढीलप्रमाणे आहे. ‘आर्म_इनिट’ या क्रियेने अनुप्रयोग आपले नाव सांगतो व त्या बदल्यात त्याला एक ओळखक्रमांक मिळतो. ‘आर्म_गेटआयडी’ने व्यवहाराच्या प्रकाराला क्रमांक मिळतो. ‘आर्म_स्टार्ट’ने एक प्रत्यक्ष व्यवहार सुरू होतो. ‘आर्म_अपडेट’ ही क्रिया दीर्घ व्यवहार अद्याप चालू असल्याची मधूनमधून खूण देते. ‘आर्म_स्टॉप’ने व्यवहार थांबतो. थांबताना तो यशस्वी झाला, सोडून दिला गेला की अयशस्वी ठरला, यांपैकी एक स्थिती सांगावी लागते. शेवटी ‘आर्म_एंड’ या क्रियेने अनुप्रयोग जाहीर करतो की, यापुढे आपण मापनाविषयी काहीही सांगणार नाही.

ही रचना आटोपशीर आहे. सहा क्रिया, दोन प्रकारचे ओळखक्रमांक आणि प्रत्येक व्यवहारासाठी एक खूणक्रमांक एवढ्या सामग्रीवर संपूर्ण मापन उभे राहते. संकल्पनांची ही काटकसर या मानकाचे सर्वांत मोठे सामर्थ्य होय.

३. ‘आर्म_एंड’चे गुणविशेष

दोष दाखवण्यापूर्वी या क्रियेचे दोन गुण नोंदवणे न्याय्य ठरेल.

पहिला गुण म्हणजे, ही क्रिया कोणाचे मापन संपवायचे ते विचारते. ‘आर्म_इनिट’ने दिलेला ओळखक्रमांक तिला द्यावा लागतो. एकाच प्रक्रियेत दोन स्वतंत्र घटक आपापले मापन करीत असतील, तर एकाने आपले मापन संपवल्याने दुसऱ्याचे संपत नाही. इतर साधनांशी तुलना केल्यास या गुणाचे महत्त्व लक्षात येते. उदाहरणार्थ, ‘जीपर्फटूल्स’ या संचातील ‘प्रोफायलरस्टॉप’ ही क्रिया कोणताही ओळखक्रमांक घेत नाही. ती संपूर्ण प्रक्रियेचे मापन एकदमच थांबवते. एकाने दिवा मालवला की घरभर अंधार, असा तो प्रकार आहे. ‘आर्म_एंड’मध्ये प्रत्येकाने आपापल्या खोलीतला दिवा मालवायचा आहे.

दुसरा गुण म्हणजे निरुपद्रवीपणा. मापनामुळे मूळ काम कधीही अडता कामा नये, हे तत्त्व मानकाने कसोशीने पाळले आहे. मापक-यंत्रणा बसवलेलीच नसेल तरी अनुप्रयोग चालावा, यासाठी विकसन-संचात एक ‘रिक्त’ लायब्ररीही पुरवण्यात आली होती. तिच्यातील सर्व क्रिया काहीही न करता शून्य परत करतात. त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्याने एकदाच क्रिया लिहून ठेवाव्यात आणि मापन होते आहे की नाही याची चिंता करू नये, अशी सोय झाली.

४. मर्यादा

परंतु याच सोयीतून पहिली अडचण उद्भवते. ‘आर्म_एंड’ यशस्वी झाली तर ती शून्य परत करते, चूक झाली तर ऋण संख्या. रिक्त लायब्ररीही शून्यच परत करते. म्हणजे ‘तुमचे मापन नीट संपले’ आणि ‘तुमचे मापन कधी सुरूच झाले नव्हते’ या दोन विरुद्ध वस्तुस्थितींना समाप्तीच्या क्षणी एकच उत्तर मिळते. आरंभी ‘आर्म_इनिट’ने दिलेली संख्या धन आहे की शून्य हे ज्याने तपासून ठेवले असेल, त्यालाच हा भेद कळू शकतो. समाप्ती स्वतः काही सांगत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ‘आर्म_एंड’च्या क्षणी जे व्यवहार सुरू झालेले, पण थांबलेले नसतात, ते टाकून दिले जातात. त्यांची नोंद यशस्वी म्हणून होत नाही आणि अयशस्वी म्हणूनही होत नाही. ते घडलेच नाहीत असे मानले जाते. वरकरणी हे रास्त वाटते. ज्याचा शेवट माहीत नाही त्याचा कालावधी कसा सांगणार? परंतु हा युक्तिवाद अपुरा आहे. शेवट माहीत नसला तरी आरंभ माहीत असतो. म्हणून ‘या व्यवहाराला निदान इतका वेळ लागलेला आहे’ असे ठामपणे सांगता येते. जे माहीत आहे तेच येथे टाकून दिले जाते.

याचा परिणाम एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका अनुप्रयोगात १०० व्यवहार सुरू झाले. त्यांपैकी ९५ व्यवहार प्रत्येकी २ सेकंदांत पुरे झाले. उरलेले ५ व्यवहार ६० सेकंद उलटूनही चालूच होते आणि त्याच वेळी ‘आर्म_एंड’ झाली. अहवालात सरासरी येईल २ सेकंद. अपूर्ण व्यवहारांचा ६० सेकंदांचा किमान काळ जरी धरला, तरी एकूण १९० अधिक ३०० म्हणजे ४९० सेकंद होतात आणि सरासरी किमान ४.९ सेकंद ठरते. एका ओळीच्या स्थानामुळे निष्कर्ष निम्म्याहून खाली आला.

हा अपवादात्मक योगायोग आहे असे कोणी म्हणेल, पण तसे नाही. ६० सेकंद चालणारा व्यवहार हा २ सेकंद चालणाऱ्या व्यवहारापेक्षा कोणत्याही एका क्षणी चालू सापडण्याची शक्यता तीसपट असते. म्हणजे समाप्तीचा क्षण कोणताही निवडा, त्या वेळी अपूर्ण असलेल्यांत संथ व्यवहारांचे प्रमाण अधिकच असणार. शिवाय अनुप्रयोग अनेकदा बंद केला जातो तो तो अडकला म्हणूनच. ज्या वेळी मापनाची सर्वाधिक गरज असते, नेमके त्याच वेळचे पुरावे नाहीसे होतात.

संख्याशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. वैद्यकीय पाहणीत काही रुग्ण पाहणीचा काळ संपला तरी बरे होत नाहीत, तर काही मध्येच पाहणीतून निघून जातात. अशा अपूर्ण निरीक्षणांना न वगळता गणितात सामावून कसे घ्यावे, याची पद्धत एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर यांनी १९५८ मध्ये मांडली. तीनुसार अपूर्ण निरीक्षण म्हणजे निरुपयोगी निरीक्षण नव्हे. ‘निदान एवढा काळ’ हीसुद्धा माहितीच असते. ‘आर्म’ची दुसरी आवृत्ती त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी आली, तरी तिच्या समाप्तीत या विचाराचा मागमूस नाही.

आपल्याकडील हिशेबाची रीतही हेच सांगते. दुकानदार रात्री दुकान वाढवतो तेव्हा गल्ला मोजतो, आणि ज्यांच्याकडून पैसे यायचे आहेत त्यांची नावे खोडून टाकीत नाही. पाडव्याला नवी वही घातली तरी जुन्या वहीतील येणे बाकी नव्या वहीत ओढली जाते. जी बाकी वसूल झाली नाही ती नव्हतीच असे मानणारा ताळेबंद कोणताही लेखापरीक्षक मान्य करणार नाही. ‘आर्म_एंड’ वही मिटवते, पण बाकी ओढीत नाही.

तिसरी मर्यादा रचनेतील एका विसंगतीची आहे. या क्रियेला चार घटक दिले जातात. पहिला ओळखक्रमांक. उरलेले तीन, म्हणजे खुणा, माहितीचा पत्ता आणि माहितीचा आकार, हे भविष्यासाठी राखून ठेवलेले असून त्यांच्या जागी शून्य अथवा रिक्त मूल्य द्यायचे असते. ‘आर्म_स्टार्ट’ व ‘आर्म_स्टॉप’ यांच्या बाबतीत याच जागांतून व्यवहारांचे परस्परसंबंध आणि इतर मोजमापे पाठवण्याची सोय केली गेली. समाप्तीच्या वाट्याला मात्र रिकाम्या जागाच आल्या. किती व्यवहार अपूर्ण राहिले ही एक संख्या परत देण्यासाठी त्यांपैकी एक जागाही पुरली असती.

५. सी भाषेची भर

या मर्यादांत सी भाषेच्या स्वभावाची भर पडते. काही भाषांत एखादी वस्तू आपल्या कक्षेबाहेर गेली की तिची आवराआवर आपोआप होते. सी भाषेत तशी सोय नाही. जे उघडले ते बंद करण्याची जबाबदारी सर्वस्वी लिहिणाऱ्याची असते. ‘ॲटएक्झिट’ या प्रमाणित क्रियेने प्रोग्राम रीतसर संपताना काही कामे करवून घेता येतात, पण प्रोग्राम ‘अबॉर्ट’ने कोसळला तर ती होत नाहीत. युनिक्स-सदृश प्रणालींत ‘सिगकिल’ हा संकेत अडवताच येत नाही. अन्य बहुतेक संकेत अडवता येतात, परंतु त्या अडवणाऱ्या भागातून कोणतीही क्रिया बोलावणे सुरक्षित नसते. तेथे चालणाऱ्या मोजक्या क्रियांची यादी ठरलेली आहे. त्यामुळे ‘संकेत आला की लगेच आर्म_एंड’ हा विद्यार्थ्यांना सुचणारा सोपा उपाय धोक्याचा आहे. संकेत आल्याची केवळ खूण करून ठेवावी आणि समाप्तीचे काम मुख्य प्रवाहात करावे, हेच योग्य.

ही अडचण फक्त ‘आर्म’ची नाही. सुसान ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी १९८२ मध्ये मांडलेले ‘जीप्रॉफ’ हे साधन आपली नोंदींची फाईल प्रोग्राम रीतसर संपतानाच लिहिते. प्रोग्राम मध्येच मारला गेला तर फाईल तयार होत नाही. मात्र येथे एक महत्त्वाचा फरक आहे. ‘जीप्रॉफ’ फसले की फाईलच नसते आणि फसल्याचे उघडपणे कळते. ‘आर्म_एंड’ने अपूर्ण व्यवहार टाकले की अहवाल असतो, नीटनेटका असतो आणि म्हणूनच संशय येत नाही. उघड अपयशापेक्षा असे शांत अपयश अधिक घातक होय.

६. नंतरच्या आवृत्तीचा विचार

चौथ्या आवृत्तीने या दिशेने काही पावले टाकली, हे मान्य केले पाहिजे. तेथे अनुप्रयोगाची नोंदणी आणि त्याचे प्रत्यक्ष चालणे या दोन गोष्टी वेगळ्या करण्यात आल्या. त्यामुळे समाप्तीही दुहेरी झाली. चालणे थांबवण्यासाठी ‘आर्म_स्टॉप_ॲप्लिकेशन’ आणि नोंदणीची माहिती मोडीत काढण्यासाठी ‘आर्म_डिस्ट्रॉय_ॲप्लिकेशन’. व्यवहार टाकून देण्यालाही ‘आर्म_डिस्कार्ड_ट्रान्झॅक्शन’ हे स्वतंत्र नाव मिळाले. शिवाय व्यवहाराच्या स्थितींत ‘अज्ञात’ ही चौथी स्थिती आली. थांबणे, संपणे, मोडणे आणि टाकून देणे या चार क्रियापदांतील फरक मराठी भाषकाला सहज जाणवतो. दुसऱ्या आवृत्तीत ‘संपणे’ या एका शब्दाखाली यांतील बरेच काही दडलेले होते. चौथ्या आवृत्तीने ते उघड केले, हे तिचे श्रेय.

तथापि, टाकून देण्याला नाव मिळाले म्हणून टाकलेल्यांचा हिशेब मिळाला असे होत नाही. आजही हा प्रश्न संपलेला नाही. ‘ओपनट्रेसिंग’ आणि ‘ओपनसेन्सस’ हे दोन प्रकल्प २०१९ मध्ये एकत्र येऊन ‘ओपनटेलिमेट्री’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यातही कामाच्या एका तुकड्याला ‘स्पॅन’ म्हटले जाते आणि ‘एंड’ झाल्याशिवाय तो तुकडा सर्वसाधारणपणे पुढे पाठवला जात नाही. यंत्रणा बंद करताना संपलेले तुकडे पाठवले जातात, न संपलेले मागेच राहतात. साधने बदलली, परंपरा मात्र टिकून राहिली.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, ‘आर्म_एंड’ ही क्रिया ओळखक्रमांकानुसार मापन संपवते आणि मूळ कामाला बाधा आणीत नाही, हे तिचे निर्विवाद गुण आहेत. दुसरा, अपूर्ण व्यवहार निमूटपणे टाकून देण्याच्या तिच्या पद्धतीमुळे सरासरी प्रतिसादकाल कमी दिसण्याकडे कल राहतो आणि हा कल योगायोगाचा नसून रचनेतूनच येतो. तिसरा, हा दोष टाळण्याचे साधन मानकातच उपलब्ध आहे. समाप्तीपूर्वी नवे व्यवहार स्वीकारणे थांबवावे. चालू असलेले प्रत्येक व्यवहार ‘आर्म_स्टॉप’ने ‘सोडून दिला’ या स्थितीसह थांबवावेत. त्यांची संख्या व तोवरचा काळ अनुप्रयोगाने स्वतःच्या नोंदवहीत लिहावा. त्यानंतरच ‘आर्म_एंड’ करावी. मानकाने हे अनिवार्य केले नाही, प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या सचोटीवर सोपवले, हीच त्याची खरी त्रुटी.

या मापनांवर सेवेच्या दर्जाचे करार ठरतात, कोणाची यंत्रणा चांगली आणि कोणाची वाईट याचे निवाडे होतात. आमच्यासारख्या ठिकाणी तर त्यांवर विद्यार्थ्यांचे गुण ठरतात. अशा वेळी न मोजलेल्यांची संख्या न सांगणारी सरासरी ही अर्धी सरासरी होय, हे शिक्षकांनी वर्गात सांगितले पाहिजे. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर आमच्या विभागातील प्रकल्प-अहवालाच्या तक्त्यात ‘समाप्तीच्या वेळी अपूर्ण’ असा एक स्तंभ वाढवला आहे. तो कोरा ठेवलेला असेल तर मी सही करीत नाही. शून्य लिहिलेले असेल, तर ते शून्य मोजून आले आहे का, एवढे विचारतो.